सदूच्या मशीनची धार

१

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. दुपारी सव्वातीन. जुईनगरच्या पश्चिमेला मोठा रस्ता ओलांडून खाडीकडे उतरलं की निवळे गाव लागतं. तिथे जेट्टीला लागून सिताराम मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये आम्ही तिघं होतो: मिस्त्री, रखमा आणि मी. मधोमध दोनशे लिटरचं निळं पिंप, नळाच्या पाण्याने भरलेलं. पिंपाच्या काठाला फळी बांधून तिच्यावर एक जुनं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन अडकवलं होतं. लहान होडीच्या मागे लावतात, तसलं. गावात त्याला नुसतं मशीन म्हणतात.

अकरा महिने खाडीच्या चिखलात पडलेलं ते मशीन दोरीच्या तेविसाव्या हिसक्याला सुरू झालं. हिसके मी मोजत होते. तीस वर्षांच्या बातमीदारीने लावलेली सवय आहे. जे मोजता येतं ते मोजून ठेवायचं, नंतर लोक नाकारतात.

मशीन चालू झालं की त्याच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून पाण्याची धार पडते. पंख्याजवळून पाणी आत ओढलं जातं, इंजिनाभोवती फिरून त्याला थंड करतं आणि त्या भोकातून बाहेर येतं. खाडीतून आलेल्या मशीनला गावात पिंपातलं गोडं पाणी 'पाजतात'. किती वेळ, तर धार जिभेला गोडी लागेपर्यंत. मिस्त्रींनी धारेखाली बोट धरलं आणि चाखलं.

"खारी हाय."

"आतलं मीठ असेल जुनं," मी म्हणाले.

"आसल." त्यांनी पिंप रिकामं केलं, पुन्हा भरलं, पुन्हा मशीन लावलं. असं तीनदा. पाच वाजता ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमी चाखा. आधी पिंपातला, मग धारेचा."

पिंपातलं पाणी गोडं होतं. धार खारट होती, आणि तिला चिखलाचा वास होता.

२

सदू, म्हणजे रखमाचा नवरा, ९ जानेवारी २०२४ला दुपारी होडी घेऊन खाडीत गेला तो आला नाही. खाडीवरच्या नव्या पुलाचं काम तेव्हा जोरात होतं. त्या पट्ट्यात मासेमारीला मनाई होती आणि सदू तिथेच जाळी लावायचा. बापाच्या वेळेपासूनची त्यांची जागा ती. पुलाच्या ठेकेदाराने पत्र दिलं, 'सदर दिवशी कामाच्या क्षेत्रात कोणतीही होडी आढळली नाही.' चौकीने ते पत्र फायलीला लावलं आणि 'घरगुती कारणाने निघून गेला असावा' असं लिहिलं. घरगुती कारण काय, हे रखमाला कुणी विचारलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी दुपारी त्यानं मुशीचा कालवण मागितला होता. ह्ये कारन लिवा."

गेल्या डिसेंबरात गावातल्या एकाच्या जाळ्यात हे मशीन आलं. होडीच्या मागच्या फळीचा निळा तुकडा अजून त्याच्या चिमट्यात होता. मी रखमाला घेऊन चौकीत गेले. उपनिरीक्षक शिवतेज तरुण, इस्त्रीचा, फार नम्र. नम्र अधिकाऱ्यांशी भांडायला मला जास्त जोर लागतो.

"नंबराची पट्टी गंजून गेली आहे, मॅडम. निळा रंग अर्ध्या गावाच्या होड्यांना आहे. हे त्यांचंच मशीन कशावरून?"

"आवाजावरून वळखन मी," रखमा म्हणाली.

तो हसला. "चालू करून दाखवा मग. गावच्या चार बायकांनी आवाज ओळखला, तर मी पंचनामा लिहितो. शब्द देतो."

"आणि त्याला शोधायचं कधी?" मी विचारलं.

"मशीन त्यांचं ठरू द्या. मग जागा सांगा, पाणबुडे पाठवतो. एवढ्या खाडीत कुठे बुडवू त्यांना?"

मशीन कधीच चालणार नाही, या हिशेबाने त्याने शब्द दिला होता. पण त्याला या गावाची एक गोष्ट माहीत नव्हती. निवळ्यात बायका होडी दिसायच्या आधी मशीनचा आवाज ऐकून चुलीवर भात टाकतात. प्रत्येक मशीनचा गळा वेगळा. तीस होड्यांत आपली कोणती, हे त्यांना आतल्या खोलीत बसून कळतं. मात्र त्यासाठी मशीन नुसतं सुरू होऊन भागत नाही. ते नीट, आपल्या चालीवर चालायला हवं.

मिस्त्रींनी दीड महिना घेतला. मशीन आधी आठ दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. अडकलेला पिस्टन लाकडाच्या ठोकळ्याने रोज केसभर हलवत सुटा केला. कार्बोरेटरची भोकं तांब्याच्या एकेका तारेने साफ केली. नवा प्लग, नवी दोरी, पाणी ओढणारी नवी रबरी चकती. मी मधून मधून जायची, घाई करायची.

"बाई, तुमचा पेपर रोज रद्दीत जातो," ते म्हणाले. "ह्याला पानी कापायचा हाय. बसा गप."

३

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन विचार केला. इंजिनाच्या आत पाण्याच्या वाटा पेन्सिलीएवढ्या असतात. अकरा महिन्यांचं मीठ तिथे थरावर थर बसलं असेल, हळूहळू विरघळत असेल. हे पटण्यासारखं होतं. न पटण्यासारखं एकच: तीन पिंपांनंतरही धार तसूभर सौम्य झाली नव्हती.

बुधवारी सकाळी मिस्त्रींनी आतल्या वाटा व्हिनेगर भरून धुतल्या. मी पिंपाच्या आत पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारली आणि धारेखाली वेगळी बादली ठेवली. शाळेतल्या मुलाला समजेल असा प्रयोग होता. धारेचं पाणी पिंपातूनच येतं. बादली भरेल तेवढं पिंप उतरायला हवं.

बादली भरली. दुसरी भरली. तिसरी अर्धी झाली तेव्हा मिस्त्रींनी मशीन बंद केलं. पिंपातलं पाणी खडूच्या रेघेवर होतं. मी बोटाने रेघ चाचपली. रेघ कोरडी होती आणि पाणी तिला खालून टेकलं होतं.

"वरून कुठून नळ चालू आहे का?"

"नळ सकाळी दोन तास येतो. आता बारा वाजले."

रखमा बादलीत बघत होती. तिने हात घातला आणि तळहातावर काहीतरी उचलून आणलं. नखाएवढी, पारदर्शक कोळंबी. तिच्या तळहातावर ती उडी मारत होती.

माझ्या शेजारची वैदेही महाप्याला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला मी दोन बाटल्या दिल्या, पिंपाची आणि धारेची. गुरुवारी सकाळी तिचा फोन आला.

"मावशी, ही एक बाटली तुम्ही खाडीतून भरलीत ना?"

"नाही. चालू इंजिनातून आली आहे."

"शक्यच नाही. ह्यात जिवंत किडे आहेत. इंजिनातून गेलं असतं तर मेले नसते का? आणि दुसरी बाटली नळाची आहे, तिच्यात क्लोरीन आहे. मावशी, तुम्हाला कुणी तरी उल्लू बनवतंय."

ती शक्यता मी सोडली नव्हती. बातमीसाठी माणसं काय काय करतात हे मी पाहिलं आहे. मी शेडची जमीन तपासली, पिंपाचा तळ तपासला, मशीन अडकवलेली फळी उलटी करून पाहिली. मिस्त्री कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"माझा खिसा पन बगा," ते म्हणाले. "त्यात खाडी आसल."

४

गुरुवारी दुपारी मिस्त्रींनी चाल बसवायला घेतली. कार्बोरेटरचा एक स्क्रू ते पाव पाव आट्याने फिरवत होते आणि डोळे मिटून ऐकत होते. मशीन आधी घुरघुरत होतं, मग धापा टाकू लागलं. मग एका क्षणी त्याचा आवाज गोळा झाला. दोन ठोके सलग, जरासा दम, पुन्हा दोन ठोके.

रखमा पाटावर बसली होती ती उभी राहिली. पदराने तोंड दाबलं आणि मान हलवली.

"हेच?" मी विचारलं.

"ह्योच. तो दम बगा. सदू बोलायचा, मशीनला पन श्वास लागतो."

मला साक्षीदार बायका हव्या होत्या. मी शेडच्या बाहेर आले. बोलवायची गरज नव्हती. जेट्टीच्या कठड्याशी पाच बायका येऊन उभ्या होत्या. एकीच्या हाताला पीठ होतं. मात्र शेड त्यांच्या पाठीमागे होती. पाचही जणी खाडीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मशीन आत आहे," मी म्हणाले. "या ना."

त्यांतली अरुणा, रखमाची जाऊ, वळली नाही. "आत कुटं? सदूभावजी येताव ना, पुलाच्या आंगानं. आयका."

मी ऐकलं. माझ्या पाठीमागे पत्र्याच्या शेडमध्ये मशीन चालू होतं. समोर भरतीचं पाणी होतं, रिकामं, एकही होडी नाही. पलीकडे पुलाचे खांब. आणि तिकडूनही येत होतं: दोन ठोके, दम, दोन ठोके. अर्ध्या ठोक्याने मागे.

प्रतिध्वनी. खांबांवर आपटून येतोय. मी तसं मोठ्याने म्हणालेसुद्धा. अरुणाने माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे बघतात तसं.

मी मिस्त्रींना ओरडून सांगितलं, "बंद करा!"

पाठीमागचा आवाज थांबला. प्रतिध्वनी असेल तर समोरचाही थांबायला हवा होता. मी मोजायला लागले. सातपर्यंत मोजलं तोवर तो चालू होता. मग कुणी शांतपणे बटण दाबून बंद करावा तसा थांबला.

अरुणा घाईघाईने घराकडे निघाली. चार पावलं गेल्यावर थबकली. मला वाटतं, भात टाकायला निघाली होती.

५

शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला दुपारी चार वाजता शिवतेज आला. दिलेला शब्द पाळायला आला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. बरोबर एक हवालदार, पंचनाम्याचे कागद, गावातले दोन पंच. शेड भरली. मी पाण्याबद्दल त्याला काही सांगितलं नाही. आवाजाची साक्ष आधी कागदावर येऊ दे, असं माझं म्हणणं होतं.

मशीन तिसऱ्या हिसक्याला सुरू झालं. पाच बायका एकेक करून आत आल्या, ऐकलं, नाव सांगितलं. कुणी कुणाशी बोलणार नाही याची काळजी हवालदाराने घेतली. पाचव्या बाईनेही सदूचं नाव सांगितलं तेव्हा शिवतेजने पेन थांबवून मशीनकडे पाहिलं.

"मॅडम, आता हा आवाज कोर्टात हजर करायचा का?"

"आधी फायलीत करा."

तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "धार बगा."

धार करडी झाली होती. मिस्त्रींनी ती दोन बोटांत चोळली. साबणासारखी बुळबुळीत, चमकणारी माती. "ह्यो पुलाचा गारा," ते म्हणाले. खांबांचे खड्डे खोदताना कडा ढासळू नयेत म्हणून असा लगदा ओततात. सदू गेला त्या हिवाळ्यात गावाची जाळी त्याने भरून यायची. पंचांनीही चोळून पाहिला. पिंपातलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

मग धार पांढुरकी झाली आणि जड पडू लागली. तिला वाफ होती. मिस्त्रींनी इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला. "मशीन थंड हाय," ते म्हणाले. "पानी गरम हाय."

शिवतेज पुढे आला. त्याने कुणाला हटकलं नाही, पेनाचं टोपण लावलं आणि वाकून भोकाकडे पाहू लागला. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते. त्यामुळे पुढचं आम्ही दोघांनी सारख्याच अंतरावरून पाहिलं.

धार तुटली. पुन्हा आली. पुन्हा तुटली, पुन्हा आली. मशीन अडखळलं नव्हतं. भोकावर बोट ठेवून काढावं, तशी ती तुटत होती. शेडमध्ये त्या वेळी सगळ्यांचे हात मला दिसत होते. दुसऱ्या खेपेला भोकाच्या आत, अंधारात, काहीतरी फिकट मागे सरलं. गव्हाच्या दाण्याएवढा भाग दिसला असेल. मी त्याला नाव देत नाही. शिवतेजने दिलं होतं. नंतर कागदावरून खोडलं.

रखमा पुढे झाली. "असाच करायचा तो," ती मला म्हणाली. "निगताना. अंगठा लावून जोर बगायचा. दोन येळा." मग ती मशीनवर वाकली, झोपलेल्या माणसाच्या कानाशी बोलतात तशी. "कळला मना. आता र्‍हाव दे."

धार थांबली.

पाण्याशिवाय असलं मशीन दोन-तीन मिनिटांत तापून जाम होतं. मिस्त्री हात ठेवून उभे राहिले. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं ते चाललं. दोन ठोके, दम, दोन ठोके, कुठेही न चुकता. चार दिवसांत इतकं चांगलं चाललं नव्हतं. मग मिस्त्रींनीच बटण दाबलं. या वेळी खाडीकडून काही ऐकू आलं नाही.

पंचांच्या समोर त्यांनी खालचा भाग उघडला. पाण्याच्या वाटा भरून गेल्या होत्या. पटाशी लावून हातोडा मारला तर ठिणगी उडाली. नवी बसवलेली रबरी चकती त्या दगडात अर्धी गाडली गेली होती.

"काँक्रीट हाय," मिस्त्री म्हणाले. "जुना. वर्साचा तरी. सुकताना ह्यो तापतो."

शिवतेजने पंचनाम्याचं शेवटचं वाक्य लिहिलं. ते मी वाचलं आहे. 'सदर मशीन सुरळीत चालू झाले.'

६

मशीन सदूचं आहे, हे आता फायलीत आहे. माझ्या वर्तमानपत्राने तेवढंच छापलं. पाण्याचा मजकूर संपादकांनी काढला. मी भांडले, हरले.

उरली जागा. शिवतेजचा दुसरा शब्द जागेवर अडला होता. रखमा रोज संध्याकाळी फोन करते आणि एकच विचारते, "ताई, जागा कागदावर आली का?" तिला ती कळली आहे. पाणबुडे फायलीतल्या जागेवर जातात, बायकोला कळलेल्या जागेवर जात नाहीत.

म्हणून मी माहिती अधिकारात पुलाच्या खड्ड्यांमध्ये काँक्रीट भरल्याची नोंदवही मागितली. पहिल्या अर्जाला 'तांत्रिक स्वरूपाची माहिती' म्हणून नकार आला. अपिलात मिळाली. एकशे बारा खड्डे, प्रत्येकाची तारीख, वेळ, मोजमाप. ९ जानेवारी २०२४ला दुपारी एकच खड्डा भरला आहे: एकोणिसाव्या खांबाचा तिसरा.

हे काम करणाऱ्या दोन अभियंत्यांना मी नोंदवही दाखवली. दोघांनी मला एकच समजावलं. खड्डा मोजमापापेक्षा नेहमी जास्त काँक्रीट घेतो; कडेची माती थोडी सुटते, तेवढी जागा वाढते. नोंदवहीतही तसंच आहे. एकशे अकरा खड्ड्यांनी जास्त घेतलं आहे, कुणी दोन घनमीटर, कुणी पाच.

एकोणिसाव्या खांबाचा तिसरा खड्डा त्रेपन्न घनमीटरचा होता. तो सव्वाबावन्नला काठोकाठ भरला. उरलेल्या पाऊण घनमीटर जागेत आधीपासून काय होतं, हे मी २४ मार्चला ठेकेदार, सल्लागार आणि पुलाचं काम पाहणारं कार्यालय यांना लेखी विचारलं आहे. तिघांकडे पत्र पोचल्याच्या पावत्या माझ्याजवळ आहेत. उत्तर एकाचंही नाही.